डिझेलचा ऑटो कट नोझल मध्येच का बंद होतो, आणि टाकी भरली तरी का होत नाही

जुलै संपत आला की आमच्या बंदरावर डिझेलचा वास येऊ लागतो. १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या होड्यांची मासेमारी बंद असते. शाकारून ठेवलेल्या होड्या आणि वर ओढलेल्या लाँची पुन्हा पाण्यात लोटायच्या असतात, इंजिनं सुरू करून बघायची असतात, टाक्या भरायच्या असतात. मी इंजिनं आणि पंप दुरुस्त करतो, त्यामुळे त्या आठवड्यात मला जेवायला वेळ मिळत नाही. त्यातलं एक गिऱ्हाईक दरवर्षी ठरलेलं. कोणीतरी तांडेल, म्हणजे लाँचीचा मुख्य खलाशी, पिशवीतून नोझल काढून माझ्या टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "काका, ह्यो नोझल काय कामाचो नाय. सारखो कट मारता."

मी तो नोझल तपासतो, आणि बहुतेक वेळा तो धडधाकट निघतो.

बॅरलमधून टाकीत डिझेल भरायचा छोटा बॅटरीचा पंप आता लाँचींपुरता राहिलेला नाही. चिऱ्याच्या खाणीवर, जेसीबीवाल्याकडे, आंब्याच्या कॅनिंगमध्ये जनरेटरजवळ, पॉवर टिलर चालवणाऱ्या शेतकऱ्याकडे, सगळीकडे तो दिसतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा ज्याच्याकडे जनरेटर होता त्याच्या दारात डिझेलचे कॅन लागले होते. पंप आला की त्याच्याबरोबर ऑटो कट नोझल येतो. आणि ऑटो कट म्हटलं की माणूस निर्धास्त होतो, कारण टाकी भरली की नोझलला आपोआप कळतं अशी त्याची समजूत असते.

नोझलला टाकी भरल्याचं कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की आपल्या टोकाजवळच्या एका छोट्या भोकातून हवा आत येते आहे की नाही. हे एकदा नीट समजलं की बाकीचे दोष बरेचसे घरीच सापडतात. म्हणून आधी नोझलच्या आत काय चालतं ते सांगतो.

चोचीच्या आत दुसरी एक नळी

नोझलची चोच, म्हणजे टाकीत जाणारी वाकडी नळी, उलटी करून बघा. टोकापासून बोटभर अंतरावर, खालच्या अंगाला एक बारीक भोक दिसेल. काही नोझलमध्ये ते अगदी टोकाशी असतं. त्या भोकापासून चोचीच्या आतून एक काडीएवढी नळी मागे नोझलच्या पोटापर्यंत जाते. या नळीतून डिझेल जात नाही. ती हवेसाठी आहे.

पोटात जिथून डिझेल वाहतं तिथे वाट मुद्दाम अरुंद केलेली असते. खाडीच्या मुखाशी ओहोटीला पाणी कसं ओढ घेतं ते आपल्याला माहीत आहे. आत रुंद खाडीत संथ असणारं पाणी मुखाच्या चिंचोळ्या वाटेत आलं की धावायला लागतं. डिझेलही तसंच धावतं. आणि धावत्या प्रवाहाचा दाब आजूबाजूपेक्षा कमी होतो. हे पटायला जड जातं, पण आपण कोकणातल्या माणसांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. वादळात कौलं आणि पत्रे वर उचलले जातात ते का? छपरावरून वारा जोरात धावतो, तिथला दाब कमी होतो, आणि घरातली हवा छप्पर आतून वर ढकलते. जोराच्या प्रवाहापाशी ओढ तयार होते, हाच नियम इथेही आहे. चिंचोळ्या वाटेतल्या प्रवाहाचा हा गुण इटलीच्या व्हेंचुरी नावाच्या शास्त्रज्ञाने १७९७ मध्ये प्रयोगांनिशी मांडला, म्हणून नोझलमधल्या त्या अरुंद जागेला आजही व्हेंचुरी म्हणतात.

तर डिझेल व्हेंचुरीतून धावतं, तिथे ओढ तयार होते, आणि ती ओढ त्या बारीक नळीतून हवा खेचत राहते. हवा येते तोवर सगळं शांत. टाकीतलं डिझेल वर चढून चोचीच्या भोकाला लागलं की हवेची वाट बुजते. ओढ मात्र चालूच असते. आता तिला हवा मिळत नाही, म्हणून ती दुसरं काहीतरी खेचते. ते दुसरं म्हणजे डायफ्रॅम, रबराचा एक पातळ पडदा. पडदा ओढला जातो, त्याच्याबरोबर मधला दांडा वर सरकतो, दांड्याला अडकलेले छोटे रोलर किंवा गोळ्या सुटतात, आणि तुम्ही ज्या खटक्यावर बोटं दाबून धरली आहेत त्याचा आतला टेकूच निघून जातो. खटका दाबलेलाच राहतो, पण त्याच्यामागे आता जोर नसतो. स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. तुम्हाला ऐकू येतो तो फक्त टक असा आवाज.

यात कुठेही बॅटरी नाही, सेन्सर नाही. वाहत्या डिझेलच्याच जोरावर हे सगळं चालतं, आणि म्हणून त्याच्या दोन अटी आहेत. डिझेल पुरेशा वेगाने वाहिलं पाहिजे, नाहीतर ओढच तयार होत नाही. आणि टाकी भरेपर्यंत त्या भोकातून हवा मोकळी आली पाहिजे. पहिली अट मोडली तर नोझल बंद व्हायला हवा तेव्हा होत नाही. दुसरी मोडली तर नको तेव्हा बंद होतो. पुढचं सगळं या दोन वाक्यांतूनच निघतं.

सारखा कट मारतो तेव्हा

आधी एकच गोष्ट करा. चोच टाकीतून काढा आणि रुंद तोंडाच्या मोकळ्या बादलीत किंवा तोंड कापलेल्या कॅनमध्ये पूर्ण खटका दाबून डिझेल सोडा. बादलीत नोझल बिनतक्रार चालला आणि टाकीत चोच घातली की तुटतो, म्हणजे कट मारतो, तर नोझलचा दोष नाही. दोष टाकीचा आहे. हे न करता नवा नोझल विकत घेऊ नका. माझ्या मामेभावाच्या लाँचीवर मी स्वतः ही चूक केली आहे. दोन-तीन लिटर गेले की टक, पुन्हा दोन-तीन लिटर, पुन्हा टक. मी नोझल उघडला, साफ केला, तरी तेच. मग नवा आणून बसवला, तरी तेच. शेवटी टाकीच्या हवेच्या पाईपला तोंड लावून फुंकलं तर फुंकर आत जाईना. पाईपचा वरचा वाकवलेला तुकडा काढला तेव्हा आतून मातीचा गोळा निघाला. कुंभारीण माशीने तिथे घर केलं होतं. लाँच दोन महिने वर ओढलेली, पाईपचं तोंड बोटाएवढं, पावसापासून आडोसा. तिला याहून चांगली जागा कुठे मिळणार होती!

हवेचा पाईप बुजला की काय होतं ते बघा. डिझेल आत येतं तेवढीच हवा बाहेर गेली पाहिजे. तिला पाईपमधून वाट नसेल तर ती डिझेल येतं त्याच गळ्यातून उलटी वर येते, येताना डिझेलला उसळवते, आणि ते उसळलेलं डिझेल चोचीच्या भोकावर आपटतं. भोक क्षणभर बुजतं. नोझलच्या दृष्टीने टाकी भरली. त्याने त्याचं काम बरोबरच केलेलं असतं. कुंभारणीशिवाय पाईप बुजवणाऱ्या गोष्टी म्हणजे रंगकाम करताना तोंडावर बसलेला रंग, गंजाचे पोपडे, आणि पाईप कुठेतरी खाली झुकलेला असेल तर त्या झोळात साचलेलं डिझेल किंवा पाणी. शेवटचा दोष फसवा आहे. कोरडा असताना फुंकर जाते आणि लाँच हलली की वाट बंद होते. पाईप टाकीपासून वरपर्यंत सतत चढता हवा.

बॅरलचंही तेच. दोनशे लिटरच्या बॅरलला वर दोन बूच असतात, एक दोन इंची आणि एक पाऊण इंची. पुष्कळ जण मोठं उघडून त्यात पंपाचा पाईप घट्ट बसवतात आणि लहानाला हात लावत नाहीत. बॅरल भरताना हवा बाहेर पडत नाही म्हणून नोझल तुटतो. बॅरलमधून उपसताना हवा आत येत नाही म्हणून धार हळूहळू मरते. लहान बूच सैल करून ठेवा.

टाकीला हवा नीट जाते आहे तरी नोझल तुटतो, तर गळा बघा. जुन्या लाँचींवर डेकवरच्या तोंडापासून टाकीपर्यंतचा पाईप लांब आणि वळणाचा असतो. चोच वळणावर टेकली तर धार समोरच्या भिंतीवर आपटून माघारी येते. चोच दोन इंच बाहेर घ्या, किंवा पाव वळसा फिरवून भोक दुसऱ्या बाजूला करा. बरेचदा एवढ्याने भागतं. पंपाची धार गळ्याच्या मानाने जास्त असेल तर खटका अर्धा दाबा. पण तो फार सोडू नका, कारण धार मंदावली की व्हेंचुरीची ओढही मंदावते आणि मग खरोखर टाकी भरेल तेव्हा नोझल तुटेलच याची खात्री राहत नाही.

फेस हे आणखी एक कारण. डिझेल पेट्रोलपेक्षा जास्त फेसाळतं आणि फेस बसायला वेळ लागतो. थोडा फेस नेहमीचाच, पण साबणासारखा दाट फेस येत असेल तर पंपाच्या ओढण्याच्या बाजूला हवा घुसते आहे. तिथला पाईप दाबाखाली नसतो, ओढीखाली असतो, म्हणून सांध्यातून डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते. बाहेरून सांधा कोरडा दिसतो आणि माणूस तो निर्दोष धरतो. पारदर्शक पाईप असेल तर बुडबुडे धावताना दिसतात. नसेल तर क्लिपा आवळा, वॉशर बदला, आणि बॅरलमधलं डिझेल इतकं खाली गेलेलं नाही ना, की पाईपचं तोंड उघडं पडलंय, तेही बघा.

आता बादलीतही तुटत असेल, तर दोष नोझलमध्येच आहे. चोचीचं भोक तपासा. वाळूचा कण, मिठाचा खर, वाळलेला डिंकासारखा थर, यातलं काहीही तिथे असू शकतं. ते साफ करायला तारेचा तुकडा घालू नका, आतली नळी अॅल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची असते आणि तिला चर पडतात. आपल्याकडे तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, हाताशी असतो. जाडसर तंगुसाचा तुकडा भोकातून हलक्या हाताने आतबाहेर करा, मग स्वच्छ डिझेलने धुवा. कॉम्प्रेसरची हवा भोकात कधीच मारू नका. ती नळीतून थेट डायफ्रॅमवर जाते आणि पातळ पडदा एका फटक्यात फाटतो. त्यानंतर तो नोझल कधीच आपोआप तुटणार नाही, आणि मग दोष उलट्या बाजूचा होऊन बसतो.

काही नोझलमध्ये हवेच्या वाटेत एक छोटी गोळी असते. चोच आडवीच्या वर उचलली गेली की गोळी घरंगळून वाट बुजवते, म्हणजे नोझल हातातून खाली पडला तर धार आकाशात जाऊ नये. चांगली सोय आहे. पण टाकीचं तोंड अडचणीत असेल आणि नोझल उताणा धरावा लागत असेल, तर ती गोळी काम करू देत नाही. तिथे नोझल बदलून उपयोग नाही, उभं राहायची जागा बदला.

कटच होत नाही तेव्हा

हा दोष पहिल्यापेक्षा फार वाईट. सारखा तुटणारा नोझल वेळ खातो, न तुटणारा डिझेल सांडतो. डेकवर सांडलेल्या डिझेलवरून खलाशी घसरून पडलेला मी पाहिला आहे. आणि पाण्यात गेलेलं डिझेल ओहोटीबरोबर खाडीत कालवं आणि तिसऱ्या या शिंपल्यांपर्यंत पोचतं. ती काढून पोट भरणाऱ्या बायका आपल्याच गावच्या असतात. म्हणून या दोषाकडे अजिबात काणाडोळा करू नका.

पहिली शंका नोझलवर घेऊ नका, धारेवर घ्या. वीस लिटरचा कॅन आणि मोबाईलमधलं घड्याळ घ्या. पंपावर मिनिटाला ४० लिटर लिहिलं असेल तर कॅन ३० सेकंदांत भरला पाहिजे. लांब पाईप आणि नोझलमुळे थोडं कमी होतं, म्हणून ३५-४० सेकंद लागले तर ठीक. पूर्ण मिनिट लागलं तर तुमची धार २० लिटरवर आली आहे, म्हणजे निम्मी. मग नोझलच्या कागदावर किंवा अंगावर त्याची कक्षा बघा, किती ते किती लिटर. वरचा आकडा सगळे बघतात, आपल्याला खालचा हवा. रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाचा जुना मोठा नोझल कोणीतरी स्वस्तात देतो म्हणून छोट्या पंपाला लावणारे बरेच आहेत. त्या मोठ्या नोझलची व्हेंचुरी मोठ्या धारेसाठी असते. छोट्या पंपाची धार तिच्यातून आरामात जाते, ओढ तयारच होत नाही. नोझल चांगला असतो, पंपही चांगला असतो, फक्त त्यांची जोडी जमत नाही.

धार मंदावण्याचं सगळ्यात मोठं कारण मला दिसलं ते वायर. यावर जरा थांबतो, कारण इथे लोक सर्वात कमी बघतात. मिनिटाला ४० लिटर देणारा १२ व्होल्टचा पंप चालताना साधारण २० ते २५ अँपिअर ओढतो. घरातल्या पंख्याच्या मानाने हा प्रचंड प्रवाह आहे. पंपाबरोबर येणारी वायर चार मीटरची असते. ती बॅटरीपर्यंत पोचत नाही म्हणून तिला घरातली अडीच चौरस मिलिमीटरची वायर जोडतात. समजा एकूण आठ मीटर अंतर झालं. वीज जाते आणि परत येते, म्हणजे वायर सोळा मीटर. एवढ्या लांबीच्या त्या तांब्याच्या वायरचा रोध सुमारे ०.११ ओहम भरतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण २२ अँपिअरने गुणला की जवळपास अडीच व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बॅटरीवर साडेबारा आणि पंपावर दहा. मोटर हळू फिरते, धार उतरते, आणि नोझल तुटेनासा होतो. तीच वायर दहा चौरस मिलिमीटरची घेतली तर नुकसान पाऊण व्होल्टच्याही आत राहतं.

मल्टिमीटर घेऊन बॅटरीवर मोजू नका. पंप चालू ठेवून, डिझेल वाहत असताना, पंपाच्याच टर्मिनलवर मोजा. पंप बंद असताना वायर कितीही बारीक असली तरी पूर्ण व्होल्टेज दाखवते, कारण तेव्हा प्रवाहच नसतो. आणि चिमटे बघा. खाऱ्या वाऱ्यात तांब्याच्या चिमट्यांवर हिरवा थर चढतो. पॉलिश पेपरने घासून तिथे चमक आणली की धारेत लगेच फरक पडतो. इंजिन चालू ठेवून भरलं तर बॅटरीला साडेतेराच्या वर व्होल्टेज मिळतं, पण हे फक्त डिझेलसाठी आणि उघड्यावर.

वायर ठीक असेल तर जाळी. पंपाच्या तोंडाशी किंवा ओढणाऱ्या पाईपच्या टोकाला जाळी असते. आपल्या पावसात उघड्यावर उभ्या ठेवलेल्या बॅरलच्या माथ्यावर पाणी साचतं. दिवसा बॅरल तापतं, रात्री गार होतं, आणि गार होताना बुचाच्या फटीतून ते पाणी आत ओढून घेतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजंतू वाढतात आणि काळपट, बुळबुळीत गाळ तयार होतो. तो गाळ जाळी लिंपून टाकतो. म्हणून पाईप तळाला टेकवू नका, तीन-चार बोटं वर ठेवा. आणि बॅरल पावसात उभं करायचंच असेल तर आडवं ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत डिझेलच्या पातळीखाली राहतील अशी. मग पाण्याला आत यायला वाटच उरत नाही.

चिऱ्याच्या खाणीवर आणखी एक प्रकार बघायला मिळतो. लोखंडी घोड्यावर, म्हणजे उंच चौकटीवर, टाकी चढवायची आणि खाली ऑटो कट नोझल लावायचा, पंपच नाही. दोन मीटर उंचीवरच्या डिझेलचा दाब ०.१६ बारच्या आसपास येतो. छोटा पंप एक बारच्या वर सहज देतो. एवढ्या कमी दाबावर नेहमीचा नोझल बहुधा तुटत नाही, काही तर उघडतही नाहीत. तिथे साधा हाताचा व्हॉल्व्ह असलेला नोझल वापरा आणि माणूस उभा ठेवा. त्या नोझलवर निदान कोणी विसंबत नाही.

धार भरपूर आहे आणि तरी कट होत नाही, तर आता नोझलकडे वळा. आधी चोच टाकीत किती गेली आहे ते बघा. भोक गळ्याच्या बाहेर राहिलं तर डिझेल काठावरून सांडेल पण भोकापर्यंत पोचणारच नाही. रुंद तोंडाच्या बॅरलवर वरून धार सोडणाऱ्यांचं हेच होतं. चोच नीट आत असेल तर बादलीत अर्ध्यापर्यंत डिझेल घ्या, पूर्ण धार चालू ठेवा, आणि टोक भोकासकट डिझेलमध्ये बुडवा. एक-दोन सेकंदांत टक झालं पाहिजे. नाही झालं तर आत कुठेतरी हवा चोरून येते आहे. चोचीच्या आतली नळी तडकलेली असेल, चोच जिथे अंगाला बसते तिथली ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, गेली असेल, किंवा डायफ्रॅम फाटला असेल. भोक बुजलं तरी ओढीला दुसरीकडून हवा मिळते, म्हणून पडदा हलत नाही. नोझल दगडावर पडलेला असेल तर नळीवर संशय घ्या. जुना असेल तर डायफ्रॅमवर. ओ-रिंग आणि डायफ्रॅमचा संच काही नोझलना मिळतो, तो घालता येतो. पण नळी तडकली असेल तर नोझल टाका. चिकटवलेली नळी आज चालेल आणि भर टाकीत दगा देईल.

खटका ढिला पडतो, उघडतच नाही

ही तक्रार बहुधा सवयीची असते. एकदा कट झाला की खटका पूर्ण सोडावा लागतो, तेव्हा आतल्या गोळ्या परत जागेवर बसतात. बोटं अर्धी दाबलेलीच ठेवून पुन्हा दाबलं तर तो लुळाच राहतो. काही नोझलना आधी दाब लागतो. पंप सुरू करायच्या आधी खटका दाबलात तर ते उघडत नाहीत, आधी पंप मग खटका. आणि कट झाल्यावर बारीक नळीत डिझेलचा थेंब अडकून राहिला असेल तर पुन्हा दाबताच लगेच तुटतो. चोच उचलून हलकेच झटका, थेंब निघून जातो. हे सगळं करूनही ढिलाच असेल तर आतली स्प्रिंग खाऱ्या हवेने गंजली आहे.

बंद झाल्यावरही टपटप गळत असेल तर व्हॉल्व्हच्या बैठकीवर कण अडकलेला आहे. दोन-चार वेळा पूर्ण धार सोडून बंद करा, बहुधा निघतो.

आणखी चार गोष्टी

नोझल तुटला म्हणजे पंप थांबला असं नाही. पंप चालूच असतो आणि तेच डिझेल आतल्या बायपासमधून, म्हणजे परत फिरायच्या वाटेतून, गोल फिरवत असतो. दोन-तीन मिनिटांच्या वर असा फिरला तर तापतो. छोटे पंप सलग अर्धा तास चालवून विश्रांती द्यायच्या हिशेबाने बनवलेले असतात, ते लेबलवर लिहिलेलं असतं.

खटका सुतळीने किंवा रबराने बांधून दुसऱ्या कामाला जाऊ नका. धार कमी झाली तर नोझल तुटत नाही, हे वर सांगितलं. भरता भरता बॅटरी उतरू शकते, जाळी तुंबू शकते. सुरुवातीला तुटणारा नोझल शेवटी तुटेलच असं नाही, आणि शेवटीच तर त्याची गरज असते.

डिझेलच्या पंपाने पेट्रोल ओढू नका. होडीच्या मागे बाहेरून बसवायच्या आऊटबोर्ड इंजिनसाठी हा मोह होतो. या पंपांच्या मोटरमध्ये ब्रशपाशी ठिणग्या उडत असतात. डिझेलची वाफ पेटायला ते गरम असावं लागतं, आपल्याकडच्या मानकाप्रमाणे ३५ अंशांच्या खाली ते पेटण्याजोगी वाफ देत नाही. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांनाही देतं. तिथे एक ठिणगी पुरते.

आणि कट झाल्यावर वरून आणखी दोन लिटर घालायचा आग्रह धरू नका. डिझेल तापलं की फुगतं. हजार लिटर डिझेल दहा अंशांनी तापलं तर सुमारे आठ लिटरने वाढतं. सकाळी काठोकाठ भरलेली टाकी दुपारच्या उन्हात हवेच्या पाईपमधून डेकवर येते, आणि मग पुन्हा नोझललाच शिव्या बसतात.

पावसाळ्यात पंप ठेवताना नोझल चोच खाली करून टांगा, म्हणजे नळीतलं डिझेल निथळून जाईल. वरून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने मीठ पुसून, कोरडा करून, हलका तेलाचा हात फिरवा. पाणी आत घालू नका. आणि लाँच वर ओढली की टाकीच्या हवेच्या पाईपवर पितळेची बारीक जाळी बसवा. बूच ठोकू नका, टाकीला श्वास घ्यायचा असतो. डिझेल भरायच्या आदल्या दिवशी ती जाळी काढून धुवा, पाईपमध्ये एकदा फुंकर मारून बघा, मगच बॅरलचं बूच उघडा.